बाहेरून लावलेली कडी

आमच्या हडपसरच्या बिऱ्हाडाला मागचं दार नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जो माणूस येणार आहे त्याला ते माहीत नव्हतं आणि त्याची सगळी फजिती तिथूनच सुरू झाली. एका रांगेत खोल्या होत्या. बाहेरची खोली, तिच्या पोटात स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत पार वर, हात पोचणार नाही असा एक झरोका. बाहेरच्या खोलीला गल्लीवर उघडणारी गजांची खिडकी. दाराला आतून कडी आणि बाहेरूनही कडी. रांगेच्या टोकाला जिना आणि वर सगळ्यांची मिळून एक गच्ची. कुणाच्या घरात काय शिजतंय, कुणाचा नवरा कुठल्या पाळीला गेलाय आणि कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, हे सगळं त्या गच्चीवर कळायचं. मागे एकदा बसमधून जाताना ती जागा पाहिली. आता तिथे मोबाइलची दुकानं आहेत. शेजारी बसलेल्या बाईला सांगावंसं वाटलं की इथे आमचं घर होतं, पण तेवढ्यात तिचा स्टॉप आला.

घरात आवाज फार. पहाटे दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, कारखान्याचा भोंगा. मग आईचा पितळी स्टोव्ह. तो पंप मारून पेटवला की असा भरभरायचा की शेजारी बसलेल्या माणसाचे नुसते ओठ हलताना दिसायचे. दादांचं एक गजराचं घड्याळ होतं. त्याला पहाटेचा गजर लावला तर ते दुपारी वाजायचं. दुरुस्तीला नेलं की दुकानात नीट वागायचं आणि घरी आणलं की पुन्हा तेच. दादा म्हणायचे, "त्याची पाळी वेगळी आहे." आणि या सगळ्यांवर आईचा आवाज. आईने दारातून हाक मारली की गाडीतळावर उभ्या असलेल्या रिक्षावाल्यांनी मागे वळून पाहावं असा. माझा मात्र आवाजच निघत नसे. मुकी नव्हते मी. घरात, चुलीपाशी, आईशी, हळू बोलायचे. पण परकं माणूस समोर आलं की शब्द घशापर्यंत यायचे आणि तिथेच बसकण मारायचे. दादा म्हणायचे, माझ्या वाटणीचा आवाजही आईनेच वापरून टाकला.

शाळाही त्यातच गेली. चौथीपर्यंतच्या बाई आमच्याच रांगेत राहायच्या. त्या माझ्याकडे नुसतं पाहायच्या आणि माझी हजेरी मांडून टाकायच्या. पाचवीला मोठ्या शाळेत गेले. तिथल्या नव्या बाई खाली मान घालून नावं पुकारायच्या आणि आपण "हजर" म्हणायचं. माझं नाव आलं की माझं अंग गरम व्हायचं, ओठ हलायचे, आणि तोवर बाई पुढच्या नावावर गेलेल्या असायच्या. दिवाळीच्या आत दादांना बोलावणं आलं. तुमची मुलगी शाळेतच येत नाही. दादा म्हणाले, मी स्वतः फाटकाशी सोडतो. बाई म्हणाल्या, मग फाटकातून कुठे जाते ते विचारा. मी त्या दोघांच्या मध्ये उभी होते. घरी आल्यावर आई म्हणाली, "नसेल होत तर राहू दे. भाकरी गोल येतात तिच्या." तिथे माझी शाळा संपली. वाचणं मात्र राहिलं, पुड्यांचे कागद, दादांचं वर्तमानपत्र, पुढे मुलाची पुस्तकं. आज हे जे लिहितेय ते त्याच शिदोरीवर, आणि कुणी मोठ्याने वाचून दाखव म्हणणार नाही म्हणूनच लिहितेय.

ही गोष्ट मी पंधरा-सोळाची असतानाची. उन्हाळा होता आणि रांगेतल्या बायकांचं वाळवण चाललं होतं. पापड झाले, सांडगे झाले, आणि त्या दिवशी आमच्या कुरडया होत्या. ज्यांनी केल्या नाहीत त्यांना कुरडई म्हणजे नुसती तळून फुलणारी जाळी वाटते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, तरी घरभर आंबूस वास सुटतो. मग ते वाटायचे, पिळायचे, चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा. सकाळी वरचं पाणी ओतून दिलं की तळाशी दह्यासारखा घट्ट पांढरा चीक राहतो. तो उकळत्या पाण्यात धार लावून ओतायचा आणि चाटूने ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळी. चांगला शिजला की तो पांढऱ्याचा काचेसारखा होतो, आणि मग गरम आहे तोवरच सोऱ्यातून घालायचा. गार झाला की सोऱ्या तुटेल पण चीक बाहेर येणार नाही. आईच्या कुरडया सगळ्या रांगेत पांढऱ्या म्हणून नावाजलेल्या होत्या. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "गहू चांगला पाहिजे, दुसरं काही नाही."

पहिला घाणा वर गेला तेव्हा सगळ्या बायका गच्चीवर होत्या. मला कावळे हाकायला बसवलं होतं. हातात काठी, शेजारी काळी छत्री. कावळा आला की "हाड हाड" असं ओरडायचं असतं. मी नुसती काठी हलवायचे आणि कावळे मला ओळखून होते. शेजारच्या कुसुममावशी, वर्ध्याकडच्या, त्यांचं तोंड कायम चालू. सोऱ्या दाबता दाबता त्या आईला म्हणाल्या, "शालनसाठी नवरा बहिराच पाहा बाई. जन्मात भांडन होनार नाही." बायका हसल्या. आई पण हसली. मी छत्री उघडून कुरडयांजवळ विटेला टेकवून ठेवली आणि जिन्याने खाली आले. आई म्हणाली होती, हा घाणा संपला की दुसरा ठेवू. म्हटलं आपणच ठेवावा. कुणाला सांगितलं नाही, कारण मी कुणाला काही सांगतच नसे. छत्रीमागे मी बसलेय असंच सगळ्यांना वाटत राहिलं.

खाली येऊन स्टोव्ह पेटवला, पाणी ठेवलं, मीठ-हिंग घातलं, चीक ओतला आणि ढवळायला लागले. दार सताड उघडं होतं. त्या दिवसांत दुपारी दार लावलं तर शेजारी विचारायचे, काही झालंय का. स्टोव्हच्या आवाजात मला काहीच कळलं नाही. बाहेर काय घडलं ते मला नंतर इतक्या जणींनी इतक्या वेळा सांगितलं की आता मी स्वतःच पाहिल्यासारखं वाटतं. कुसुममावशी पाणी प्यायला खाली उतरत होत्या. जिन्यावरून त्यांनी पाहिलं, एक परका माणूस, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात चामडी पिशवी, आमच्या दारापाशी आला, इकडे तिकडे पाहिलं, पायातल्या चपला काढून भिंतीशी नीट जोडून ठेवल्या आणि आत गेला. मावशी मांजराच्या पावलांनी आल्या, दार ओढलं, बाहेरून कडी घातली आणि मग ओरडल्या. त्या ओरडण्याने गच्चीवरचे कावळेसुद्धा उडाले म्हणतात.

क्षणात दारासमोर गर्दी. पहिला वाद झाला तो चपलांवर. आमच्या रांगेत आप्पा म्हणून होते, एसटीतून निवृत्त झालेले, स्टँडवर गाड्या पुकारायचं काम केलेले. त्यांनी काठीच्या टोकाने एक चप्पल उलटी करून पाहिली.

"कातडी आहे," आप्पा म्हणाले. "टाचही झिजलेली नाही. चोर अशा चपला घालत नाही."

"घालत नाही म्हणजे? चोरून आणल्या असतील," कुणीतरी म्हणालं.

"आणि चोर चपला काढून कशाला जाईल?"

हा प्रश्न सगळ्यांना अडचणीचा होता. आई म्हणाली, "अहो, पाहुणा असला तर? ह्यांच्या गावाकडून कुणी आलं असेल. मी पाहुण्याला कोंडून ठेवलं असं होईल ना."

"पाहुना असता तं कडी लावल्यावर बोलला असता बाप्पा," कुसुममावशी म्हणाल्या.

"लाजाळू असेल. ह्यांच्याकडे आहेत तसे."

शेवटी मावशींच्या नवऱ्याला लुना घेऊन पोलीस चौकीवर पिटाळलं. पोलीस येईपर्यंत थांबायचं की दार उघडून आत शिरायचं, यावर दोन तट पडले. आप्पा म्हणत होते थांबा, आपण कायदा हातात घेऊ नये, आणि हे म्हणताना त्यांच्या हातात काठी होती. आईला थांबायचं नव्हतं. तिचा उरलेला चीक आत होता. उन्हाळ्याच्या दिवसांत तो तासाभरात आंबला असता, आणि तीन दिवसांची मेहनत मोरीत गेली असती. मावशी म्हणाल्या, "चीक गेला तं गेला, जीव राहिला पाहिजे." आई म्हणाली, "तुमचा नाहीये ना चीक." तेवढ्यात कुणाच्या तरी कानावर स्टोव्हचा आवाज पडला आणि सगळ्यांनी दाराला कान लावले.

"चहा करतोय मेला," आई म्हणाली.

आता आतलं सांगते, ते मात्र माझं पाहिलेलं आहे. दार बाहेरून लागल्याचं कळल्यावर तो माणूस मागचं दार शोधत स्वयंपाकघरात आला. मी चाटू फिरवत होते. त्याने मला पाहिलं, मी त्याला पाहिलं. दोघांपैकी जास्त कोण घाबरलं ते आजही सांगता येणार नाही. चाळिशीचा असेल, किडकिडीत, कपाळावर घाम. मी हात थांबवला नाही. धीटपणा नव्हता तो. चीक तेव्हा नेमका पांढऱ्याचा काचेसारखा व्हायच्या बेतात होता आणि त्या वेळी हात थांबवायचा नाही हे माझ्या हाताला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"ताई, घाबरू नका," तो म्हणाला. "मागचं दार कुठंय तेवढं सांगा."

मी ढवळत राहिले.

"नाहीये का मागे दार?"

मी ढवळत राहिले. त्याने झरोक्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे, आणि तो विचार सोडून दिला. मग जवळ येऊन, बोटांनी दाराचा आकार काढत, ओठ मोठे करून त्याने पुन्हा विचारलं. मला कळलं की हा मला मुकी समजतोय. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मुक्या माणसाला कुणी बोल म्हणत नाही.

तो बाहेरच्या खोलीत गेला. मी स्टोव्हची हवा थोडी सोडून आच कमी केली, म्हणून पुढचं सगळं ऐकू आलं. तो खिडकीपाशी जाऊन भारदस्त आवाजात म्हणाला, "हा काय प्रकार आहे? मी विम्याचा माणूस आहे. साहेबांना भेटायला आलो होतो."

बाहेर कुजबूज झाली. आप्पा कुणाला तरी म्हणाले, "मी सांगत होतो. चपला पाहा." आई अजिजीने म्हणाली, "अहो, मग आधी सांगायचं नाही का. थांबा हं, उघडते." आणि ती कडीला हात घालणार, तोच त्याच्या पिशवीत दादांचं घड्याळ वाजायला लागलं. त्या घड्याळाचा गजर रांगेत कुणाला ओळखू येत नव्हता असं नाही. ते वाजलं, थांबलं, पुन्हा वाजलं. बाहेर आईने कडीकडे नेलेला हात मागे घेतला. आत तो माणूस पिशवीत हात घालून ते बंद करायची खटपट करत होता, पण ते बंद करायची एक रीत होती, उलटं धरून चापट मारायची, ती त्याला कशी ठाऊक असणार.

"विम्याचा म्हने," कुसुममावशी म्हणाल्या.

यानंतर त्याचा आवाज बदलला. "हे पाहा, घड्याळ ठेवतो मी इथे खिडकीत. मला मारू नका. आत तुमची मुलगी आहे, तिला विचारा, मी तिला हात लावलेला नाही. मुकी आहे बिचारी, पण मान तरी हलवेल."

"आमच्या घरात मुकी कुणी नाही," आई म्हणाली.

"अहो आहे. दोन वेण्या. काहीतरी ढवळतेय."

"खोटं बोलतोय," आप्पा म्हणाले. "शालन कुठे आहे?"

"वर. कावळे हाकतेय." आईने मान वर करून तिच्या त्या आवाजात हाक मारली, "शालन." गच्चीवरून उत्तर आलं नाही, आणि त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. "ती कधी ओ देते का," आई म्हणाली. "वरच आहे. मघाशी छत्री दिसली मला."

मी आत ऐकत होते. मला वाटलं, आता ओरडावं. ओठ हलले. पुढचं नाव पुकारल्यासारखी गल्ली पुढे निघून गेली. आप्पांनी सगळ्यांना समजावलं की ज्याअर्थी हा दुसऱ्या माणसाची गोष्ट काढतोय त्याअर्थी आत दुसरा माणूस आहे, त्याचा साथीदार, आणि तोच चहा करतोय. हे सगळ्यांना पटलं. त्या माणसाने गजांना डोकं टेकलं. त्या घटकेला मी घरात आहे हे जगात एकट्या त्यालाच माहीत होतं, आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं.

मग आप्पांना धुरी सुचली. स्टँडच्या गोदामातल्या घुशी म्हणे त्यांनी अशाच बाहेर काढल्या होत्या. शेगडीत निखारे, त्यावर लाल मिरच्या, आणि शेगडी खिडकीत. दोघं चोर पाच मिनिटांत नाक मुठीत धरून दाराशी येतील. आईने चिकाला वास लागेल म्हणून एकदा विरोध केला, पण आत दोन चोर चहा पीत बसलेत या विचाराने तीही चिडली होती. वर्षाची बेगमी म्हणून वाळत घातलेल्या मिरच्यांतल्या मूठभर तिने स्वतःच काढून दिल्या. देठ खुडून दिल्या, हे मला मावशींनी पुढे मुद्दाम सांगितलं.

मिरची जळल्याचा ठसका ज्याने अनुभवलाय त्याला सांगायला नको. आधी वास आला, मग घशात काटा उभा राहिला, मग डोळे. तो माणूस, पदर असता तर त्यात तोंड खुपसलं असतं इतका, खोकत स्वयंपाकघरात आला आणि जमिनीवर बसला. बाहेर वारा फिरला असावा, कारण गल्लीही खोकत होती. मला दिसेनासं झालं. हात चालूच होता. आणि एकाएकी माझ्या लक्षात आलं की हा सगळा धूर चिकात जातोय. तीन दिवस भिजवलेले, वाटलेले, पिळलेले गहू, आणि झालेला चीक, काचेसारखा, एक गुठळी नाही. माझा चीक.

"झाकण द्या," मी म्हणाले.

त्याने खोकणं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"फळीवर आहे. मोठं. द्या लवकर."

त्याने उठून झाकण दिलं. मी ते पातेल्यावर ठेवलं, स्टोव्ह बंद केला. घर एकदम शांत झालं.

"बोलता येतं की तुम्हाला," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मिरचीचंच असणार. "मग मघाशी बोलायला काय झालं होतं? जीव गेला असता माझा."

बाहेरून आप्पांचा आवाज आला, "अजून मिरच्या आणा." मी तोंड उघडलं, आत ठसका गेला, आणि त्या ठसक्याबरोबर, इतकी वर्षं बसकण मारून बसलेलं जे काय होतं ते सगळं एकदम बाहेर आलं.

"आई, चीक झालाय."

तो आवाज ऐकून मीच दचकले. घोगरा, मोठा, आईसारखाच.

"हा कुणाचा आवाज?" आई म्हणाली.

"साथीदार बाई आहे तर," आप्पा म्हणाले.

"मी आहे. शालन."

"शालन इतकी मोठ्याने बोलत नाही," आई म्हणाली. हे ती आप्पांना सांगत होती की मला की स्वतःला, कोण जाणे. मग दाराला तोंड लावून म्हणाली, "शालन असशील तर सांग, चिकाच्या पाण्यात काय काय घालतात?"

"मीठ. हिंग."

"हे तं कोनीही सांगन," कुसुममावशी म्हणाल्या. "सगळेच घालतात."

"आपल्यात आणखी काय घालतात?" आईने विचारलं, आणि विचारताक्षणी तिच्या लक्षात आलं असावं, पण उशीर झाला होता.

"मूठभर तांदळाचं पीठ," मी ओरडून सांगितलं. "पांढऱ्या व्हाव्यात म्हणून."

मिरचीच्या धुरातसुद्धा गल्लीला ते नीट ऐकू गेलं. बराच वेळ कुणी खोकलं नाही.

"अच्छा," कुसुममावशी म्हणाल्या. "गहू चांगला पाहिजे, दुसरं काही नाही."

"माझीच आहे," आई म्हणाली आणि शेगडी लाथेने दूर सारून कडीला हात घातला. आप्पा म्हणाले, पोलीस येऊ द्या. आई म्हणाली, "तुम्ही थांबा पोलिसांसाठी. माझी पोर आत आहे." पण तिच्यामागे काठ्या, लाटणी, एक कपडे धुवायचं धोपटणं अशी सगळी तयारी उभी होती, आणि धुरीमुळे सगळ्यांचे डोळे आधीच लाल झाले होते. तो माणूस भिंतीला चिकटला.

मला कुठून सुचलं माहीत नाही. मी दोन फडकी त्याच्या हातात दिली.

"पातेलं उचला," मी म्हणाले. "आणि चालायला लागा. थांबू नका. गच्चीवर न्यायचंय."

दार उघडलं. तो माणूस छातीशी वाफाळतं पातेलं धरून बाहेर पडला आणि त्याच्या मागे मी चाटू घेऊन. "सरका, गरम आहे," मी म्हणाले. लोक सरकले. काठी उगारलेल्या हातांनीसुद्धा बाजूला होऊन वाट दिली. वाळवणाच्या दिवसांत गरम चीक नेणाऱ्या माणसाला धक्का लावायचा नाही हे आमच्याकडे लहान पोरांनाही शिकवलेलं असतं. चोराला मारायचं हे त्यांना तितकं नीट शिकवलेलं नव्हतं. आई माझ्याकडे पाहत होती. मला जवळ घ्यावं की चीक बघावा हे तिला ठरवता येत नव्हतं. तिने झाकण उचलून आधी चीक पाहिला, मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "गुठळी नाही," ती म्हणाली आणि रडायला लागली.

गच्चीवर पातेलं ठेवल्यावर आता मारायला हरकत नव्हती, पण चीक गार होत होता. आईने सोऱ्या भरला. तो दाबायला जोर लागतो, आणि बायकांचे हात पहिल्या घाण्याने भरून आले होते. आई त्या माणसाला म्हणाली, "बघता काय. दाबा." आप्पा काठी घेऊन त्याच्या पाठीशी उभे राहिले आणि तो उकिडवा बसून कुरडया घालायला लागला. पहिल्या दोन-तीन वाकड्या झाल्या. कुसुममावशी म्हणाल्या, "हात गोल फिरवा की हो. विमा काढल्यासारखे काय घालता." मग त्याला जमायला लागलं.

हवालदार आले ते मावशींच्या नवऱ्याच्या मागे लुनावर बसून. धापा टाकत गच्चीवर चढले आणि त्यांनी विचारलं, "चोर कुठंय?" सगळ्यांनी कुरडया घालणाऱ्या माणसाकडे बोट दाखवलं. हवालदारांनी त्याच्याकडे पाहिलं, आप्पांच्या काठीकडे पाहिलं, पातेल्यात पाहिलं. "अजून किती आहे?" त्यांनी विचारलं.

"थोडाच राहिलाय," आई म्हणाली. "बसा ना. चीक खाता?"

गरम चीक, वर दूध आणि साखर, ही त्या दिवसांतली चैन असायची. आईने एक वाटी हवालदारांना दिली, एक आप्पांना, आणि मग थांबून एक त्या माणसापुढे सरकवली. त्याने हात धुऊन खाल्ला. चीक अजिबात तिखट लागत नव्हता. झाकण वेळेवर पडलं होतं.

निघायच्या वेळी त्याला चपला सापडेनात. भिंतीशी जोडून ठेवलेल्या त्या कातडी चपला गर्दीत कुणीतरी नेल्या होत्या. गल्लीभर शोध झाला. आप्पा खजील झाले. हवालदारांनी त्याला विचारलं, "तक्रार द्यायची आहे का?" तो नको म्हणाला. ऊन इतकं होतं की रस्ता पोळत होता. आईने आत जाऊन दादांच्या जुन्या सपाता आणून त्याच्यापुढे टाकल्या. लुनावर तिघं मावत नव्हते, म्हणून तो आणि हवालदार चालतच गेले. कोपऱ्यावर त्याने एकदा मागे पाहिलं, माझ्याकडेच, निदान मला तसं वाटलं.

संध्याकाळी दादा पाळीवरून आले. "माझ्या सपाता कुठायत?" त्यांनी विचारलं.

"चोराने नेल्या," आई म्हणाली.

"आणखी काय नेलं?"

"काही नाही."

दादांनी घड्याळाकडे पाहिलं. "घड्याळ न्यायला हवं होतं," ते म्हणाले.

कुसुममावशींच्या कुरडया त्या वर्षापासून आमच्याइतक्याच पांढऱ्या झाल्या. मी काही त्या दिवसानंतर बडबडी झाले नाही, तसं होत नसतं. पण आईच्या हाताला एक सवय लागली. घराबाहेर पडताना कडी घालायच्या आधी ती दारात उभी राहायची, आत तोंड करून विचारायची, "कोण आहे का आत?" आणि मी असले तर मला "मी आहे" असं मोठ्याने म्हणावं लागायचं. हळू म्हटलं तर ती पुन्हा विचारायची. मी तिच्या डोळ्यांसमोर उभी असले तरी विचारायची. लग्नाच्या दिवशी सगळे गाडीत बसले, मीसुद्धा, तेव्हाही ती रिकाम्या घराच्या दारात उभी राहून विचारत होती आणि गल्लीत सगळे खोळंबले होते.

आता मी वाघोलीत मुलाकडे असते. मुलगा-सून सकाळी कामाला जातात. खाली फाटकावर कोण आलंय ते फोनवर वाजतं आणि आत सोडायचं की नाही ते बोटाने दाबायचं असतं, बोलावं लागत नाही. माझ्यासारखीच्या सोयीचं आहे. मी भाजीला निघते तेव्हा फ्लॅटचं दार ओढते, चावी लावायच्या आधी आत डोकावून विचारते, "कोण आहे का आत?" आणि जरा वेळ उभी राहते. परवा समोरच्या फ्लॅटमधला मुलगा लिफ्टची वाट पाहत होता. कंपनीत जाणारा आहे, कानात सारखं काहीतरी घातलेलं असतं. ते काढून त्याने विचारलं, "काकू, घरात कोणी आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग विचारता कोणाला?"

"असलं कुणी तर कळायला नको?"

"असलं तर बोलेल ना."

लिफ्ट आली. तो आत शिरला आणि दार धरून माझ्यासाठी थांबला.

"लगेच बोलेलच असं नाही," मी म्हणाले. "तू जा. मी थांबते जरा."